ताईंचे ढग

मोठ्या ताई पाण्याचा ताप गालाने बघायच्या. सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आधी, दुपारी भांडी घासून झाल्यावर आणि संध्याकाळी दिवा लावला की त्या मधल्या खोलीत माशांच्या टाकीपाशी खाली बसत, पदराने काच पुसत आणि डावा गाल तिला टेकवत. डोळे मिटलेले. तापातल्या पोराच्या कपाळाला आई गाल लावते ना, अगदी तशा. मग "बरं हाय" नाहीतर "तापलंय गो" यातलं एक काहीतरी म्हणून उठत. प्रकाशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, एकदा त्यांना दुकानातून पाण्यात सोडायचा थर्मामीटर आणून दिला. त्यांनी तो हौसेने टाकीत लावला, कोणी पाहुणा आला की दाखवलाही, पण गाल लावायचं सोडलं नाही. "तो आकडा सांगतो," त्या म्हणाल्या, "मला पाणी कसं हाय ते पायजे."

ताई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, मंदाताई. मी लग्न होऊन सापगावच्या त्या घरात आले तेव्हा घरात सासूबाई होत्या, प्रकाश होता, ताई होत्या आणि भिंतीवरच्या फोटोत मोठे भाऊजी होते. ताईंचे यजमान. कल्याणला एका गोदामात कामाला जायचे. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी ते नेहमीसारखे डबा घेऊन निघाले आणि परत आलेच नाहीत. भांडण नव्हतं, आजार नव्हता, कोणाशी वैर नव्हतं. गोदामात पोचलेच नाहीत एवढं कळलं. प्रकाशने कसाऱ्यापासून ठाण्यापर्यंतची स्टेशनं आणि सरकारी दवाखाने पालथे घातले, पोलिसांत तक्रार दिली. तिथून 'मिसिंग' हा शब्द घरात आला. सासूबाईंनी तो शब्द असा उचलला की ते एखाद्या गावाचं नाव वाटावं. कोणी विचारलं तर सांगत, "माझा रमेश मिशिंगला हाय."

ती टाकी भाऊजींनीच आणली होती, जायच्या काही महिने आधी. दोन फुटी काचेची पेटी, खाली वाळू, एका कोपऱ्यात शेवाळाचा पुंजका आणि आठ मासे. दीड इंचाचे जेमतेम. अंग तपकिरी, कुशीवरून सोनेरी रेघ गेलेली, शेपटी लाल. दुकानदाराने त्यांचं नाव 'व्हाइट क्लाउड' सांगितलं होतं आणि त्याचा अर्थ पांढरा ढग असंही सांगितलं होतं. ताईंना याचं फार हसू येई. "नाव पांढरा ढग, न् अंगावर पांढरं काय शोधून सापडंल तर शपथ." तरी त्या त्यांना ढगच म्हणायच्या. हे मासे थंड पाण्यातले, डोंगरातल्या ओढ्यातले, कुठल्या तरी लांबच्या मुलखातले. एकटे फिरत नाहीत. एक वळला की सगळे वळतात. आमच्या नात्यात मासे म्हणजे कालवणाचे. भिवंडीकडचे एक मामा टाकीपुढे बराच वेळ वाकून उभे राहिले आणि शेवटी म्हणाले, "ह्यांची सुकट बी व्हायची नाय गो मंदे." ताई म्हणाल्या, "म्हणून तर जगलेत, मामा."

पण हे मासे हौसेचे राहिले नव्हते. भाऊजी गेल्यावर कोणीतरी सासूबाईंना सिद्धगडाच्या पायथ्याकडच्या एका वाडीत भगताकडे नेलं. भगताने तांदूळ टाकून विचारलं, "त्यानं सोताच्या हातानं आणलेलं घरात जितं काय हाय?" सासूबाई म्हणाल्या, मासे हायेत. भगत म्हणाला, "ते संबाळा. ते हायेत तवर तो हाय." एवढंच. त्याच्यासाठी ते दिवसातल्या वीस बोलण्यांतलं एक बोलणं असेल. आमच्या घरात त्या दिवसापासून दुसरा कायदा उरला नाही. आणि त्याची अंमलबजावणी ताईंच्या गळ्यात पडली, कारण मासे त्यांच्याच हाताला सवयीचे होते.

रोज सकाळी सासूबाई चहाचा कप घेऊन टाकीसमोर पाट टाकून बसत आणि मासे मोजत. ते काही उभे राहत नाहीत. एकदा मोजलेला पुन्हा पुढे येतो, एखादा शेवाळात शिरतो. सासूबाई बोटाने हवेत टिचक्या मारत पुन्हापुन्हा पहिल्यापासून सुरू करत. आठ झाले की चहा पीत. तोवर कप तसाच. ताई स्वयंपाकघराच्या दारात पीठ मळत उभ्या राहत आणि त्यांचे हात परातीत थांबलेले असत. "आठ" ऐकू आलं की पुन्हा हलायला लागत. सासूबाई वाईट नव्हत्या, हे मी मुद्दाम सांगते. ताईंना कोणी पांढऱ्या कपाळाची म्हणायची हिंमत केली नाही ती सासूबाईंमुळेच. बाजारातून आणलेल्या दोन साड्यांतली बरी साडी त्या आधी ताईंपुढे धरत. पण ताई उंबऱ्याबाहेर पिशवी घेऊन पडल्या की विचारत, "कवा येशील?" आणि जे उत्तर मिळे त्याच्या आधी त्यांना ताई घरात हव्या असत. "तो आला न् तू घरात नसलीस तर कसं दिसंल ते?"

ताईंचं माहेर मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या अंगाला. वडील नव्हते, भाऊ नव्हता. एकटी आई होती, तिला ताई बय म्हणायच्या. शहापूरला टमटमने जायचं, तिथून मुरबाडची एसटी, मुरबाडहून पुन्हा दुसरी गाडी आणि मग चालत. इतकं काही लांब नाही. पण ताई सणालाही सकाळी जाऊन संध्याकाळी परत येत. "बयकडं चार दिस राहून या की," मी म्हणायची. "जाईन," त्या म्हणायच्या, "उन्हाळा सरू दे." उन्हाळ्यात पाणी तापतं, टाकी सोडून जाता येत नाही. पावसाळ्यात वीज जाते, टाकीतला हवेचा पंप थांबतो, मासे दमतात. थंडीत जाईन म्हणाव्या तर थंडी हीच त्यांच्या अंड्यांची वेळ. मी घरात आल्याला चार वर्षं झाली तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ताईंच्या वर्षात जायला महिनाच नव्हता.

मी नवी होते तेव्हाची गोष्ट. माझं माहेर भरलेलं होतं, चार बहिणी आणि दोन चुलत्या एका ओट्यावर काम करायच्या. इथे दुपारी घर इतकं गप्प व्हायचं की मला रडू यायचं. एकदा मी चुलीच्या धुराचं निमित्त करून डोळे पुसत होते. ताई आल्या, काही विचारलं नाही, पाटा ओढून माझ्या शेजारी वाटण वाटायला बसल्या. वाटण नको होतं खरं, त्या दिवशी आमटी झाली होती. नंतर म्हणाल्या, "आजारी मासा येगळा काढून ठेवावा लागतो. पण मी त्याला एकट्याला ठेवत नाय. सोबत एक बरा, धडका मासा ठेवते. एकटा ठेवला का तो खात नाय, निसता कोपऱ्यात उभा राहतो." मला म्हणून असं त्या काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवसानंतर मी स्वयंपाकघरात कधी एकटी नसायची.

उन्हाळा म्हणजे ताईंची लढाई. आमच्याकडे चैत्र-वैशाखात पडवीचा पत्रा तडतडतो आणि हापशाचं पाणीही कोमट येतं. या माशांना तसलं पाणी सोसत नाही. वर तरंगून तोंडं उघडी टाकतात आणि मग रेघेचा रंग उतरतो. ताई टाकीभोवती गोणपाट ओलं करून गुंडाळत. टेबलफॅन असा लावत की वारा पाण्यावरून फिरावा. शेजारच्या घरी फ्रीज होता, तिथे पाण्याच्या बाटल्या गोठवायला ठेवत आणि एकेक आणून टाकीत तरंगत सोडत, एकदम नाही, पाणी दचकू नये म्हणून. विहिरीचं पाणी आणून आधी रात्रभर घरात ठेवत आणि मगच टाकीत घालत. प्रकाशच्या मोबाइलवर त्या हिंदीतले व्हिडिओ बघायच्या. त्यात एक माणूस एसीच्या खोलीत उभा राहून पाणी किती गार हवं ते सांगायचा. ताई ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "ह्याला म्हणावं वैशाखात सापगावला ये."

पिलांचं मात्र त्यांना कोणी शिकवलं नाही. माझ्या लग्नाच्या आधीच्या पौषात, टाकी पुसताना काचेला चिकटलेले केसाएवढे तुकडे त्यांना दिसले. पुसून टाकणार इतक्यात एका तुकड्याला डोळे दिसले. त्यांनी फडकं तसंच हातात धरून ठेवलं म्हणे, आणि सासूबाई हाका मारत होत्या तरी ओ दिली नाही. मोठे मासे आपलीच अंडी गिळतात हे बघितल्यावर त्यांनी युक्ती केली. नर पंख पसरून मादीभोवती गिरक्या घ्यायला लागला की शेवाळाचा दुसरा पुंजका टाकीत सोडायचा आणि त्यात अंडी पडली की तो उचलून मागच्या पडवीतल्या प्लास्टिकच्या टबात ठेवायचा. पिलांचं तोंड इतकं बारीक की पिठाचा कणही मोठा. ताई भाताचा पेंढा बरणीत पाणी घालून उन्हात ठेवत. दोन-चार दिवसांत ते पाणी गढूळ होई, त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव होत. ते चमच्याने टबात. मग पिलं थोडी वाढली की उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून, इवलासा. महिन्याभरात त्या तुकड्यांवर निळी-हिरवी रेघ पेटायची. मोठेपणी ती रेघ सोनेरी होते, पण त्या वयात ती विजेच्या तारेसारखी दिसते. ताई टबावर वाकून बसल्या की त्यांचा चेहरा मी दुसऱ्या कोणत्याही वेळी तसा बघितला नाही.

ही पिलं कशाला वाढवतात हे मला माझ्या पहिल्या वैशाखात कळलं. एके सकाळी मी उठून आले तर ताई टाकीपाशी उभ्या होत्या आणि त्यांच्या तळहातावर एक मासा आडवा पडला होता. सासूबाई मोरीत तोंड धूत होत्या. ताईंनी माझ्याकडे बघितलं, मासा पदराच्या टोकात घेतला, पडवीत गेल्या, टबातून चहाच्या गाळणीने एक तरणा मासा काढून आणला आणि टाकीत सोडला. तो बावरला, मग कळपात शिरला. मेलेला त्यांनी परसात अबोलीच्या बुडाशी पुरला. "कुणाला बोलू नको गो," एवढंच म्हणाल्या. सासूबाई पाटावर येऊन बसल्या, मोजू लागल्या. "आठ," त्या म्हणाल्या, आणि जरा थांबून, "हा एक बारीक झाला का गो?" ताई परातीवरून म्हणाल्या, "खात नव्हता. आता खाईल." मी चुलीत लाकूड सारत राहिले.

त्या वर्षी दोन गेले, पुढच्या वर्षी तीन, आणि मग एकेक करत सगळे. माझ्या लग्नाला पाच वर्षं झाली तेव्हा टाकीत भाऊजींनी आणलेला एकही मासा नव्हता. त्यांची पोरं होती, पोरांची पोरं होती. आठ म्हणजे आठ, कधी सात नाहीत, कधी नऊ नाहीत. जास्तीची पिलं ताई शहापूरच्या एका दुकानदाराला नेऊन देत आणि बदल्यात खाद्य आणत. मी एकदा विचारलं, "ताई, कवापर्यंत?" त्या टबातलं पाणी बदलत होत्या. म्हणाल्या, "मला वाटलं होतं तोवर ते येतील. आता वाटतं, आले तरी काय सांगू? तुमी गेल्यापास्नं मी तुमचे मासे मोजते." मग हसल्या. मला हसू आलं नाही.

बाहेरच्या जगातही ताईंना उभं राहायला धड जागा नव्हती. एका संक्रांतीला शेजारी हळदीकुंकू होतं. सासूबाईंनी ताईंना मुद्दाम पाठवलं, बरी साडी नेसवून. ओळीने सगळ्यांना कुंकू लावत आलेली बाई ताईंपुढे थांबली. बोटावर कुंकू, हात हवेत, आणि नजर घरातल्या म्हाताऱ्या बाईकडे, लावू का नको म्हणून. ताई अगदी सरळ आवाजात म्हणाल्या, "लाव, नायतर नको लावू. हात असा धरू नको, दुखंल." बाईने लावलं. ताईंनी वाण घेतलं, तिळगूळ खाल्ला आणि "मासे बघते" म्हणून निघून आल्या. ते त्यांचं ठरलेलं बोलणं होतं. लग्नातून, बारशातून, कुजबुजीतून उठायचं झालं की "मासे बघते." ज्या टाकीने त्यांना बांधून ठेवलं होतं तिच्याच आडोशाला त्या येऊन बसत. दुसरा आडोसा नव्हता.

एकदाच त्या वेगळं काही बोलल्या. त्यांच्या माहेरगावच्या आश्रमशाळेत स्वयंपाकाला बाई हवी होती, बयने फोनवर सांगितलं होतं. ताईंनी फोन ठेवला आणि मला विचारलं, "त्याला शिक्षान किती लागत असंल गो?" मी म्हटलं, "विचारून बघूया." "नको, निसतं विचारलं," त्या म्हणाल्या आणि गोणपाट भिजवायला गेल्या. पण पुढे कितीतरी दिवस त्या मधेच कधी सांगत, की पन्नास पोरांना भात लावायचा तर टोप केवढा लागतो, डाळ किती. मी ऐकून घेई.

मग वैशाखातला तो दिवस आला. आदल्या संध्याकाळी गावाबाहेरचा ट्रान्सफॉर्मर जळाला आणि वीज गेली. शेजारच्या फ्रीजमधल्या बाटल्या वितळल्या. आम्ही दोघी सकाळपासून विहिरीवरून घागरी आणत होतो, गोणपाटावर ओतत होतो, पुठ्ठ्याने पाण्यावर वारा घालत होतो. मासे वर येऊन तोंड उघडून उभे होते. सासूबाई पाटावरून उठल्या नव्हत्या. तेवढ्यात माझा फोन वाजला. ताईंच्या माहेरची शेजारीण होती. मी स्पीकर लावला कारण ताईंचे हात ओले होते.

"मंदे, बय पडली गो. परवा पडली. कुणाला बोललीच नाय. आज मी गेले तर खाटेवर, उठता येत नाय. तुझं नाव घेते."

ताई म्हणाल्या, "येते." गोणपाट तिथेच ठेवलं आणि साडी बदलायला निघाल्या.

"कुठं?" सासूबाई म्हणाल्या.

"बय पडली, आई. ऐकलं ना तुमी."

"ऐकलं. प्रकाशला पाठवू. तो दवाखान्यात नेईल. तू कशी जाशील? लाइट नाय. हे बघ कसे करतात ते." सासूबाईंचा आवाज चिडका नव्हता, घाबरलेला होता. "तू गेलीस न् ह्यांचं काय झालं तर? माझ्या पोराचा जीव तुझ्या हातात हाय, मंदे."

ताई थांबल्या. मग परत आल्या आणि सासूबाईंच्या समोर, जमिनीवर बसल्या. ओले हात मांडीवर पुसले. त्या काय बोलणार ते मला कळलं आणि मी पुठ्ठा हलवायची थांबले.

"आई, ते मासे मेले."

सासूबाईंनी टाकीकडे बघितलं. "हायेत की. मघाशी मोजलेत मी."

"हे ते नायत. त्यांनी आणलेले सगळे मेले. एकेक करून मेले. हे त्यांच्या पोरांची पोरं हायेत. मागच्या टबात वाढवते मी, न् एक गेला का दुसरा सोडते."

प्रकाश दारात येऊन उभा होता. सासूबाई म्हणाल्या, "फसवलंस मला?"

"फसवलं. तुमी सकाळी मोजायला बसायच्या. तुमचं तोंड बघून माझ्यानं सांगवत नव्हतं."

"मग तो?" सासूबाई म्हणाल्या. "मग रमेश?"

"ते मला ठाऊक नाय, आई. कुणालाच ठाऊक नाय." ताई थांबल्या नाहीत. "मला एवढंच ठाऊक हाय की ते मासे मेले न् काय झालं नाय. न् माझी बय जिती हाय. आज हाय. तिच्याकडं मला जाऊ द्या."

सासूबाईंनी तोंड भिंतीकडे वळवलं. ताईंनी पाया पडायला हात पुढे केला, तो पायांपर्यंत पोचला, पण सासूबाईंचे पाय हलले नाहीत, त्यांचा हातही आशीर्वादाला उठला नाही. प्रकाशने मोटरसायकल काढली. जाताना ताई मला म्हणाल्या, "पाणी एकदम बदलू नको," आणि मग जरा थांबून, "बदललंस तरी चालंल."

त्या दुपारी पाच मासे गेले. संध्याकाळी वीज आली.

सासूबाई कितीतरी दिवस माझ्याशी कामापुरतं बोलत. टाकीसमोर बसेनाशा झाल्या. ताईंचं नाव निघालं की उठून परसात जात. मग एका दुपारी मी तांदूळ निवडत असताना त्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "पहिला कवा मेला?"

मी सांगितलं. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात.

"न् दुसरा?"

मला आठवत होतं तेवढं सगळं मी सांगितलं. कुठला कधी गेला, कुठल्याची शेपटी आधी झडली, कुठला सकाळी तळाशी सापडला. त्या मान हलवत ऐकत होत्या. मधेच म्हणत, "तवा जत्रा होती," किंवा "तवा मी तापानं पडली होती." सगळे सांगून झाले तेव्हा त्यांनी विचारलं, "कुठं टाकले?" मी अबोली दाखवली. त्या तिथे जाऊन उकिडव्या बसल्या. ती माती थोडी हाताने चाचपली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्याला बी कुणी असा पुरला असंल ना गो? उघड्यावर टाकला नसंल."

त्यानंतर त्या रडल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मेलेल्या मुलासाठी आई रडते तशा. मी त्यांना धरून बसले. त्यांचं अंग किती हलकं झालं होतं ते मला तेव्हा कळलं.

दिवाळीनंतर प्रकाशने भटजींना विचारून दर्भाचा पुतळा करून नदीवर भाऊजींची क्रिया केली. ताईंना कळवलं. त्या आल्या, नदीच्या काठाला शेवटपर्यंत उभ्या राहिल्या, आणि तिथूनच परस्पर शहापूरची टमटम पकडली. घरात आल्या नाहीत. सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, पण दोघी बोलल्या नाहीत. बयचं कंबरेचं हाड मोडलं होतं. ताईंनी तिला वर्षभर उचललं, न्हाऊ घातलं, आणि बय गेली ती त्यांच्या मांडीवर गेली. आश्रमशाळेतलं काम त्यांना मिळालं होतं. फोनवर मला सांगायच्या, "पोरं भात लय खातात गो. टोप माझ्या खांद्याला लागतो." त्या आवाजात काहीतरी नवं होतं, दमल्यावरही राहणारं.

मी टाकी चालू ठेवली. उरलेल्या तिघांची थंडीत पिलं झाली, आता किती आहेत ते मी मोजत नाही. पेंढ्याची बरणी उन्हात ठेवायला मी शिकले, पण गाल लावून पाणी कळणं मला कधी जमलं नाही. मी थर्मामीटर बघते.

बय गेल्यावर दोन महिन्यांनी सासूबाई प्रकाशला म्हणाल्या, "मंदाला बोलाव. मला भेटायचंय." आता तिकडे ताईंचं कोणी उरलं नव्हतं. प्रकाशला वाटलं त्या राहायला येतील. मलाही वाटलं. खरं सांगायचं तर मला तशी आशाच होती, मी त्यांचं कपाट रिकामं करून पुसून ठेवलं. ताई आल्या त्या सकाळच्या गाडीने, खांद्याला एक लहान पर्स लावून. केस थोडे पिकले होते. हाताला मोठ्या टोपांचे डाग पडले होते. सासूबाई खाटेवर होत्या, त्यांना आता फार वेळ बसवत नसे. ताई खाली वाकल्या आणि या वेळी सासूबाईंनी हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. तो तिथेच बराच वेळ राहिला.

थोडं इकडचं तिकडचं झालं. बयचं झालं. मग ताई सवयीने उठल्या आणि पदर खोचून चहा टाकायला स्वयंपाकघराकडे वळल्या.

"मंदे," सासूबाई म्हणाल्या, "बस. पाहुणी हायेस तू." आणि मला म्हणाल्या, "तू टाक चा. लवकर टाक, हिची गाडी चुकंल."

ताई बसल्या. त्या घरात इतकी वर्षं काढली, पण खुर्चीत बसून कोणी आणून दिलेला चहा त्या पहिल्यांदाच पीत होत्या. कप कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. सासूबाई त्यांच्याकडे बघत होत्या आणि मी दोघींकडे. मग ताई उठल्या, पर्स खांद्याला लावली, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

आमच्या घरात निघताना कोणी 'जाते' म्हणत नाही. 'येते' म्हणायचं. कोणाच्या तोंडून चुकून निघालं तर सासूबाई तिथल्या तिथे सुधारून घेत, पाहुण्यांनाही सोडत नसत. ताईंना हे चांगलं ठाऊक होतं. त्या उंबऱ्यावर क्षणभर थांबल्या.

"आई, जाते," त्या म्हणाल्या.

सासूबाईंनी टोकलं नाही. खाटेवरून थोड्या वर झाल्या, ताईंकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "हां. जा गो बाय."